तांबूस ओघळ

कळमेश्वराचा आणि समुद्राचा संबंध काय, असें कोणी विचारल्यास आम्हांस त्याचें नवल वाटणार नाहीं. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील हें आमचें गांव. येथें कापूस पिकतो, संत्र्यांच्या बागा आहेत, आणि उन्हाळ्यांत विहिरींचा तळ दिसूं लागला म्हणजे पाणी या शब्दाचें मोल कळतें. शिडाची होडी आमच्यापैकीं पुष्कळांनीं चित्रांतच पाहिलेली. तथापि ज्या गोष्टीनें आम्हांस जन्मभर पुरेल असा धडा दिला, ती अशाच एका होडीची आहे. आणि तिचा आरंभ मांडवी नदीवर झाला असला, तरी पुढचा महत्त्वाचा भाग कळमेश्वरांतील एका लहानशा कारखान्यांत घडला. म्हणून ती या अंकांत सांगण्याचें धाडस करितों.

होडीकडे वळण्यापूर्वीं बैलगाडीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्या लहानपणीं घरीं एक गाडी होती. दिवाळीच्या सुमारास, कापसाची वाहतूक सुरू होण्याच्या अगोदर, आजोबा ती लोहाराच्या दारीं नेत. चाकाची लोखंडी धाव सैल झाली असेल तर लोहार ती उतरवी आणि भोंवतीं गोवऱ्यांचा जाळ करून तापवी. तापल्यानें ती वाढे; मग ती लांकडी चाकावर चढवून वर पाणी ओतलें म्हणजे आकसून चाकास घट्ट आवळून बसे. हा सोहळा पाहण्यास आम्ही मुलें धांवत जात असूं. परंतु आजोबांचें खरें लक्ष असे तें आसाच्या दोन टोकांशीं बसविलेल्या दोन लहानशा खिळ्यांकडे. चाक आसावरून निसटूं नये, एवढेंच त्या खिळीचें काम. ती धड दिसत असली तरी आजोबा ती दरवर्षीं बदलीत. "अजून चांगली आहे कीं!" असें आम्हीं म्हटलें म्हणजे ते म्हणत, "खिळी दोन रुपयांची आहे. भरल्या गाडीचें चाक उतारावर निसटलें, तर त्याची किंमत कोण सांगेल?" त्या वेळीं आम्हांस हा म्हातारपणाचा हट्ट वाटे.

आमचे मामा जहाजावर एंजिनियर होते. सेवेंतून निवृत्त झाल्यावर ते गोव्यांत, पणजीजवळ रायबंदर येथें राहूं लागले आणि त्यांनीं एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. लांबी बावीस फूट. अंग कांचतंतू व राळ यांचें. मध्यें ॲल्युमिनियमची डोलकाठी. तिचें वय पंचवीस वर्षांहून अधिक होतें. मामांची कन्या, म्हणजे आमची मामेबहीण, त्या वेळीं महाविद्यालयांत नुकतीच गेली होती. तिला या होडीचा इतका लळा लागला होता, कीं पुढें एकटीनेंच ती चालवावी असा तिचा मानस होता.

या छंदाचें कारण घराच्या जवळच होतें. मांडवी नदीलाच वरच्या भागांत म्हादेई म्हणतात; आणि याच नदीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली म्हादेई नांवाची नौका २००९ सालीं भारतीय नौदलाकडे आली. त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून त्या नौकेंतून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढें त्याच कारखान्यांत बांधलेल्या तारिणी या नौकेंतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीं १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून प्रस्थान ठेविलें आणि २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास सुखरूप परत आल्या. शेवटच्या टप्प्यांत सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाल्यामुळें त्यांना मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई बंदरांत दुरुस्तीसाठीं थांबावें लागलें होतें. मामेबहिणीच्या खोलींत तारिणीचें चित्र टांगलेलें असे. मामा मात्र तिला प्रदक्षिणेपेक्षां पोर्ट लुईच्या मुक्कामाची गोष्ट अधिक वेळां सांगत.

तीन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत आम्ही मामांकडे गेलों. होडी पाण्यांत सोडण्यापूर्वीं तिची तपासणी चालली होती आणि तींत आम्हांसही एक काम मिळालें. तें काय होतें हें समजण्यासाठीं डोलकाठी उभी कशी राहते हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तंबूचा खांब जसा तणाव्यांनीं उभा राहतो, तशीच डोलकाठी तारेच्या तणाव्यांनीं उभी राहते. मामांच्या होडीला डाव्या-उजव्या अंगांस प्रत्येकीं तीन तणावे होते. प्रत्येक तणाव्याचें खालचें टोंक पोलादाच्या एका पट्टीस अडकविलेलें असतें. ही पट्टी होडीच्या वरच्या तक्तपोशींतील चिरेंतून आंत उतरते आणि तेथें बोल्टांनीं आडभिंतीस जखडलेली असते. वारा ज्या बाजूनें येतो, त्या बाजूच्या तणाव्यांवर सारा भार पडतो. अशा सहा पट्ट्या. एकेक हातभर लांब, दोन बोटें रुंद. शीड, काठी, वारा आणि माणसें यांचें ओझें अखेर त्यांच्यावर येतें, आणि त्या कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहींत.

मामांनीं आम्हांस एक विजेरी दिली आणि सांगितलें, "आंत शीर आणि सहाही पट्ट्या पाहून ये. बोल्टांना पाना लावून पाहा. कोठें गंज किंवा ओल दिसली तर मला सांग."

आम्ही आंत शिरलों. जागा अरुंद, उकाडा फार, आणि राळेचा उग्र वास. पहिल्या चार पट्ट्या आम्हीं नीट पाहिल्या. पांचवी बरी दिसली. सहावी, म्हणजे डाव्या अंगाची सर्वांत मागची, एका फळीच्या आड होती. मान वांकडी करून पाहतां तिच्याखालीं आडभिंतीवर एक तांबूस ओघळ दिसला. बोटभर लांब, वाळलेल्या चहाच्या डागासारखा. पट्टी मात्र वरून लख्ख होती. बोल्टापर्यंत पाना पोंचेना. खिशांत कापड होतें, त्यानें आम्हीं तो ओघळ पुसून टाकला. आतां सर्व स्वच्छ दिसूं लागलें. बाहेर येऊन आम्ही म्हणालों, "सर्व ठीक आहे."

या तीन शब्दांत खोटें असें कांहीं आहे, हें त्या क्षणीं आमच्या मनासही शिवलें नाहीं. आम्ही डाग पुसला होता. म्हणजे काम केलें होतें, असेंच वाटलें.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही तिघे, मामा, मामेबहीण आणि आम्ही, रायबंदरहून निघून उत्तरेच्या कांठाकडे चाललों होतों. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा डाव्या अंगानें येत होता. सुकाणू मामेबहिणीच्या हातीं होतें. पात्राच्या मध्यावर एक झुळूक जोराची आली, होडी उजवीकडे कलली, आणि फटाका वाजावा तसा आवाज झाला. डाव्या बाजूचा मागचा तणावा सुटून हवेंत लोंबकळूं लागला. डोलकाठी मध्यावर धनुष्यासारखी वांकली. ती कोसळली असती, तर थेट आमच्या अंगावर किंवा पाण्यांत. आणि समोरून लोकांनीं भरलेली फेरीबोट येत होती.

मामा ओरडले नाहींत. "वळव. वाऱ्याच्या तोंडावरून वळव," एवढेंच ते म्हणाले. मामेबहिणीनें सुकाणू ढकललें. होडीचें नाक पश्चिमेकडून फिरून दक्षिणेकडे आलें; वारा आतां उजव्या अंगानें येऊं लागला, आणि सारा भार डाव्या बाजूवरून उतरून उजव्या बाजूच्या धडक्या तणाव्यांवर गेला. काठी पुन्हां सरळ झाली. शीड उतरविलें, लहान यंत्र सुरू केलें आणि आम्ही कांठास लागलों. हें सर्व घडण्यास पांच मिनिटेंही लागलीं नसतील. मामेबहिणीचे ओंठ पांढरे पडले होते, परंतु हात सुकाणूवरून हालला नव्हता.

तुटलेली पट्टी मामांनीं बाहेर काढली. ती तक्तपोशीच्या जाडींत दडलेल्या भागीं तुटली होती. म्हणजे वरून किंवा खालून पाहणारास जो भाग दिसतच नाहीं, तेथें. तुटलेल्या तोंडाचा चमकदार भाग अगदीं थोडा. बाकीचा काळा-तांबूस, फार दिवसांपूर्वीं फाटलेला. मामा म्हणाले, "अशी पट्टी तुटण्यापूर्वीं बहुधा खूण देते. खालीं गंजाचें पाणी पाझरतें. येथें तें कसें दिसलें नाहीं कोण जाणे."

त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. सांगावें कीं न सांगावें, हा विचार फार वेळ चालला. न सांगितलें असतें तर कोणासही कळलें नसतें, कारण पुरावा आम्हींच पुसला होता. परंतु दुसऱ्या सकाळीं मामेबहीण म्हणाली, "मीच वळण उशिरां घेतलें असेल, माझ्याच्यानें होडी जास्त कलली." तेव्हां आमच्यानें राहवेना. तिच्या देखत मामांस सर्व हकीकत सांगितली.

मामा कांहीं वेळ गप्प बसले. मग त्यांनीं विचारलें, "तें कापड कोठें आहे?" आम्हीं पिशवींतून काढून दिलें. त्यावर तो डाग होता. त्यांनीं तें धुऊं दिलें नाहीं. घडी करून होडीच्या कागदपत्रांच्या डब्यांत ठेविलें. "तूं चुकीचें पाहिलें नाहींस," ते म्हणाले. "पाहिलेंस तें सांगितलें नाहींस. आणि काठी उभी करण्यापूर्वीं मी स्वतः पाहावयास पाहिजे होतें, तींही चूकच." याहून अधिक ते बोलले नाहींत. रागें भरले असते तर बरें, असें आम्हांस वाटलें.

ज्याला आपण न गंजणारें पोलाद म्हणतों, तें गंजलें कसें, हा प्रश्न आम्हीं केला. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें असें पोलाद तयार केलें, हें शाळेंत वाचलें होतें. मामांनीं समजावून सांगितलें, कीं या पोलादांत क्रोमियम हा धातु शेंकडा साडेदहाहून अधिक असतो. हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन त्याची डोळ्यांस न दिसणारी पातळ साय पृष्ठभागावर धरते, आणि तीच पोलादाचें रक्षण करिते. ओरखडा पडला तरी हवा लागतांच ती पुन्हां धरते. परंतु चिरेंत खारें पाणी सांचून राहिलें आणि तेथें हवाच पोंचली नाहीं, म्हणजे सायीस पोषण मिळत नाहीं. मग मिठांतील क्लोराइड तिला भोंकें पाडतें आणि पोलाद आंतून पोखरूं लागतें. उघड्यावर असलेला भाग मात्र लख्ख राहतो. म्हणजे जो भाग आम्हीं लख्ख पाहिला, त्यावरून झांकलेल्या भागाविषयीं कांहींच अनुमान निघत नव्हतें.

उरलेल्या पांच पट्ट्या काढून त्यांची परीक्षा केली. स्वच्छ पुसलेल्या पट्टीवर लाल रंगाचा पातळ द्रव लावून पंधरा-वीस मिनिटें ठेवावयाचा. तो बारीक भेगेंत शिरतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पूड फवारावयाची. भेग असेल तर आंतील रंग वर येऊन पांढऱ्यावर लाल रेषा उमटते. दोन पट्ट्यांवर केंसासारखी रेषा उमटली. म्हणजे सहांपैकीं तीन गेल्याच होत्या. तारेचे तणावे तपासण्याची रीत तर आम्हां कळमेश्वरकरांस फारच आवडली: कापसाचा बोळा तारेवरून वरून खालीं फिरवावयाचा, तारेचा एखादा तंतू तुटलेला असेल तर कापूस तेथें अडकतो. एका तणाव्याच्या खालच्या टोंकाशीं कापूस अडकला. मामांनीं ठरविलें, कीं सहाही पट्ट्या आणि सर्व तारा नव्या घालावयाच्या.

"पट्ट्या तूं करवून आण," ते आम्हांस म्हणाले. जुन्या पट्ट्या नमुन्यासाठीं घेऊन आम्ही कळमेश्वरास परतलों.

आमच्या गांवच्या औद्योगिक वसाहतींत पोलादी पत्र्यावर गंज न चढावा म्हणून जस्ताचा मुलामा देण्याचें काम चालतें. त्यामुळें धातूचें काम जाणणारीं माणसें येथें पुष्कळ आहेत. आम्ही गेलों तो कारखाना मात्र अगदीं लहान: एक लेथ, एक भोंक पाडण्याचें यंत्र आणि दोन कामकरी. त्याचा मालक त्याच लोहाराचा नातू, ज्याच्या दारीं आमचे आजोबा गाडी नेत. आम्हांस घाई होती. मामेबहिणीनें दोनदां विचारलें होतें. कोपऱ्यांत चकाकणारी एक पट्टी पडली होती. तीच कापून द्यावी असें आम्हीं म्हटलें.

त्यानें जुना तुकडा उन्हांत धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "भाऊ, हे लोखंड तुमच्या कामाचं नाही. जिन्याच्या कठड्याले चालते, समुद्राले नाही चालत. दिसाले दोन्ही सारखेच. चुंबक लावूनही फरक समजत नाही. मी करून देईन, तुम्ही पैसे द्याल, आणि तिकडं एखाद्या दिवशी तुटंल. मंग माझ्या आज्यानं गोवऱ्या जाळल्या त्या कशासाठी?"

खाऱ्या पाण्यासाठीं ३१६ या जातीचें पोलाद लागतें. त्यांत मॉलिब्डेनम नांवाचा धातु शेंकडा दोन-तीन भाग असतो आणि तो मिठाच्या माऱ्यास बराच आळा घालतो. तें नागपूरहून मागविण्यास पंधरा दिवस लागले. त्यासोबत परीक्षेचा दाखला आला. दाखल्यावरील अंक आणि पोलादावर ठोकलेला अंक त्यानें आमच्याकडून मोठ्यानें वाचून घेतले. मग कापणें, भोंकें पाडणें, भोंकांच्या कडा मोडणें, आणि थंडच असतां मोठ्या गोलाईवर हळू वांकविणें. अखेर दोन दिवस नुसतें घांसणें. इतकें चकचकित कशास, आंत तर कोणी पाहणार नाहीं, असें आम्हीं म्हटलें. तो म्हणाला, "भेग ओरखड्यापासूनच सुरू होते, भाऊ. जिथं कोणी पाहत नाही तिथंच घासा लागते." आम्हांस आजोबांची खिळी आठवली, आणि आम्ही खालीं पाहिलें.

फेब्रुवारींत आम्ही पट्ट्या घेऊन पुन्हां रायबंदरास गेलों. काठी न उतरवितां काम केलें: शीड चढविण्याच्या दोरीनें काठीस त्या बाजूस आधार द्यावयाचा आणि एका वेळीं एकच पट्टी बसवावयाची. चिरेभोंवतीं नाण्यानें ठोकून पाहतां एके ठिकाणीं खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज आला. तेथें तक्तपोशीच्या आंतील लांकूड पाणी मुरून कुजलें होतें. तें कोरून काढून राळ भरली, मग चीर पाण्यास बंद केली. ही चीर प्रथमच नीट बंद असती, तर पट्टीही गेली नसती. सहावी पट्टी आम्हींच बसविली. ती फळी मामांनीं अगोदरच कापून तेथें एक झडप केली होती, म्हणजे पुढें पाहणारास मान वांकडी करावी लागूं नये.

डब्यांत त्या कापडाशेजारीं आतां एक वही आहे. तींत प्रत्येक पट्टीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. आणि एक रकाना असा आहे, कीं त्यांत "पाहिलें" किंवा "पाहिलें नाहीं" यांपैकीं एकच लिहावयाचें. "ठीक" हा शब्द तेथें चालत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं थोड्यांनाच होडीचा योग येईल. परंतु सायकलचा ब्रेक, विहिरीवरील कप्पी, पाळण्याची कडी, झोंपाळ्याची सांखळी, या वस्तू घरोघरीं आहेत, आणि त्या पाहून येण्यास वडील माणसें तुम्हांसच पाठवितात. तेव्हां डाग दिसला तर पुसूं नका, बोलावून दाखवा. आणि पालकहो, मूल डाग दाखवावयास आलें तर त्यावर रागावूं नका. पुढच्या वेळीं तें पुसून मोकळें होईल.

गेल्या डिसेंबरांत मामेबहीण प्रथमच एकटी होडी घेऊन निघाली. निघण्यापूर्वीं तिनें आम्हांस विजेरी देऊन आंत पाठविलें. पांच पट्ट्या कोरड्या होत्या. सहाव्या पट्टीची झडप ओलाव्यानें फुगून अडकली होती, उघडेना. भरती लागली होती, वारा चांगला होता, आणि ती कांठावर वाट पाहत उभी होती. आम्ही बाहेर आलों आणि म्हणालों, "पांच पाहिल्या. सहावी पाहिली नाहीं."

ती हंसली, मळसूत्र फिरविण्याचें हत्यार आमच्या हातीं दिलें, आणि आपण कांठावर बसून राहिली. तासाभरानें झडप उघडली. पट्टी कोरडी होती. मग ती गेली.